आधी चिल्लर परत करा: कोकणात पश्चात्ताप आणि क्षमेची सुवार्ता निर्भयपणे सांगताना

बावीस वर्षं मी कंडक्टरकी केली. वेंगुर्ला, शिरोडा, सावंतवाडी, मालवण, मधूनमधून आडगावची वस्तीची गाडी. गच्च भरलेल्या गाडीत "फुडे सरका, मागे जागा आसा!" असं ओरडायला मला कधी संकोच वाटला नाही. पण रविवारी चर्चमध्ये ऐकलेली गोष्ट सोमवारी ओळखीच्या प्रवाशाला सांगायची म्हटली की घशाला कोरड पडायची. आमची तिसरी पिढी ख्रिस्ती. गीतं पाठ, वचनं पाठ, बोलायला मात्र तोंड उघडत नसे.

मंडळीतल्या तरुण मुलांना आता हे शिकवायची वेळ माझ्यावर आली आहे, म्हणून जे मला उशिरा कळलं ते क्रमाने लिहितो. पहिल्या दोन पायऱ्यांवर मी जास्त वेळ घेणार आहे. त्या गाळून थेट पत्रकं वाटायला गेलेले बरेच जण पाहिलेत, त्यात मीही होतो.

निरोप काय आहे, ते आधी स्वतःला सांगा

पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांवर जे काम सोपवतो ते बायबलमधल्या लूक २४:४७ मध्ये आहे: त्याच्या नावाने पश्चात्ताप आणि पापांची क्षमा सगळ्या राष्ट्रांत गाजवली जावी, आणि सुरुवात यरुशलेमेपासून व्हावी. या शेवटच्या तीन शब्दांवरून आपण भरभर पुढे जातो. यरुशलेम म्हणजे तेच गाव, जिथे हे शिष्य जीव मुठीत धरून पळाले होते, जिथे पेत्राने शेकोटीपाशी तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं होतं. आपली फजिती ज्यांनी पाहिली त्यांच्यापुढेच पहिल्यांदा उभं राहायचं होतं. कोकणातल्या वाडीत हे वेगळं समजवावं लागत नाही. इथे तुमच्या आज्याने कोणाचा बांध कोरला होता तेही लोकांना माहीत असतं.

आता शब्द. मराठीत तीन शब्द एकमेकांत मिसळतात. पस्तावा म्हणजे हळहळ: आंबा उतरवायला उशीर केला, अवकाळी पाऊस आला, माल गेला, पस्तावलो. प्रायश्चित्त म्हणजे केलेल्या चुकीची आपण स्वतः करायची भरपाई, मग तो उपास असो, दान असो की विधी. पश्चात्ताप या दोन्हींहून वेगळा. नव्या करारातला ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मनच पालटणं. जुन्या करारातलं हिब्रू क्रियापद शूब, म्हणजे मागे फिरणं. कुडाळला जायचं असून सावंतवाडीच्या गाडीत बसलात, तर खिडकीशी बसून कितीही उसासे टाका, कुडाळ येणार नाही. उतरावं लागतं.

यहूदा आणि पेत्र या दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाच रात्री दोघांनी दगा दिला आणि दोघांनाही वाईट वाटलं. यहूदाने तर येशूला पकडून देण्यासाठी घेतलेली तीस नाणी परतही केली, हे मत्तय २७ मध्ये स्पष्ट आहे. म्हणजे पैसे परत करणं म्हणजेच पश्चात्ताप असं नाही. यहूदा नाणी घेऊन याजकांकडे गेला, आणि "ते आमचं काय?" असं ऐकून परतला. पेत्र पुढे ज्याला नाकारलं होतं त्याच्याकडेच गेला. मागे फिरायचं म्हणजे कोणाकडे, हे यात आलं.

क्षमेसाठी मला कर्जमाफीचा दाखला उपयोगी पडतो. २००८ ची, २०१७ ची माफी गावात सगळ्यांना आठवते. शेतकऱ्याच्या खात्यावरचं कर्ज शून्य झालं, पण पैसे हवेत विरले नाहीत. ते सरकारी तिजोरीतून भरले गेले. माफी म्हणजे कर्ज नव्हतंच असं नव्हे, ते दुसऱ्याने फेडलं. आणि ज्याचं म्हणणं "माझ्यावर कर्जच नाही" त्याचं नाव यादीत येत नाही. ख्रिस्ती संदेशात ती तिजोरी म्हणजे वधस्तंभ. हा दाखला एका ठिकाणी लंगडा पडतो: सरकारला निवडणूक दिसत असते. कोणीतरी हे हसत हसत बोलून दाखवतोच. तुम्हीही हसा. सगळे दाखले कुठेतरी लंगडतात.

आपली चिल्लर

तिकीट देताना सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे आकडा लिहून देतो. "उतरताना घ्या." स्टँडवर गाडी लागली की झुंबड उडते, अर्धे लोक विसरून जातात. दिवसाचा हिशोब जुळल्यावर वर जे उरे ते माझ्या खिशात. दिवसाला वीस-तीस रुपये. त्याला मी चोरी म्हणत नव्हतो, सगळेच करतात असं म्हणत होतो.

एका रविवारी पाळकांनी जक्कयाची गोष्ट वाचली. लूक १९. जकातदार, ठेंगणा, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो तेव्हा तो उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेन. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की हा माणूस माझ्याच धंद्यातला: लोकांकडून पैसे घ्यायचे आणि वर पाठवायचे. आणि हेही दिसलं की येशू घरी आला तो आधी, पैसे परत करायचं निघालं ते नंतर. पैसे देऊन त्याने पाहुणा मिळवला नव्हता.

घरी येऊन डायरी काढली. नेहमीच्या प्रवाशांपैकी ज्यांचे चेहरे आणि साधारण रकमा आठवल्या अशी चौदा नावं निघाली. बाकीच्यांचा अंदाजाने आकडा काढला आणि ती रक्कम गरजूंना दिली.

पहिलं नाव बंदरावर मासे विकणाऱ्या एका आजीचं. टोपली टपावर नको म्हणून ती रोज माझ्याशी भांडायची. तिचे सात रुपये. सात रुपयांसाठी माझे पाय जड झाले होते हे आज सांगताना हसू येतं. ती सुरमई कापत होती. मी म्हटलं, "आजये, तुझे सात रुपये माझ्याकडे रवले होते. विसरलंय नव्हतंय, मुद्दाम दिलंय नाय. माका माफ कर." सोबत चौपटीच्या हिशोबाने अठ्ठावीस रुपये पुढे केले.

तिने कोयती बाजूला ठेवली, माझ्याकडे बघितलं. "सात रुपयांसाठी हयसर इलंस? माका आठवता पण नाय." मग पुसल्या हाताने सात रुपये मोजून घेतले आणि वरचे परत केले. "तुका कोणी धाडल्यान?" मी म्हटलं, येशूने. ती म्हणाली, "तुझो देव बरो आसा. पैशे तरी परत करूक लावता."

वीस वर्षांत गावात दिलेली माझी पहिली खरी साक्ष ती, आणि तिच्यात मी जेमतेम चार वाक्यं बोललो होतो. म्हणून मुलांना सांगतो: कोणाला "पश्चात्ताप करा" म्हणायच्या आधी एक कागद घ्या. कोणाचं काय घेतलंय, कोणाबद्दल काय पसरवलंय, कोणाशी बोलणं टाकलंय. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी समेट कर, असं मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो. कोकणातल्या मंडळ्यांत हे वचन सगळ्यात कमी पाळलं जातं, असं माझं मत आहे. एकाच सातबाऱ्यावर पंचवीस नावं, त्यातली चार एकाच चर्चमध्ये, आणि चौघं चार बाकांवर तोंडं फिरवून बसलेली. बाहेरच्यांना हे दिसत नाही असं समजू नका.

आपली भाषा ऐकणाऱ्याच्या कानाने ऐका

चर्चमधले शब्द बाहेर काय होतात ते तपासा. "तारण" म्हटलं की वेंगुर्ल्याच्या बाजारात सोनं तारण ठेवून मिळणारं कर्ज आठवतं. "साक्ष" म्हणजे कोर्टकचेरी. "पापी" ही तर शिवी. आणि "कोकऱ्याचं रक्त" म्हटलंत तर आमच्या भागात माणसाच्या डोळ्यांसमोर राखण येते: वर्षाकाठी राखणदाराला, म्हणजे गाव-शेताची राखण करणाऱ्या देवाला, द्यायचा कोंबडा किंवा बकरा. त्याला वाटतं, यांच्यातही तेच आहे, फक्त प्राणी वेगळा. इथे थांबून फरक सांगावा लागतो. राखणीत माणूस देवाला देतो. सुवार्तेत देव माणसासाठी स्वतःला देतो. हा फरक सांगायला दोन मिनिटं पुरतात, पण तो सुटला की पुढचं सगळं बोलणं वाऱ्यावर.

गावच्या देवळात गाऱ्हाणं घालताना तुम्ही ऐकलं असेल. "बा देवा महाराजा" म्हणून सुरुवात, मागे सगळ्यांचं "व्हय महाराजा!", आणि काय चुकलं-माकलं असेल तर पदरात घे अशी विनवणी. ज्या माणसाच्या ओठांवर हे शब्द लहानपणापासून आहेत त्याला क्षमा म्हणजे काय हे तुम्ही शून्यापासून शिकवायची गरज नाही. चूक झाली, क्षमा हवी, देणारा वर आहे, हे तो आधीच म्हणतोय. अथेन्समध्ये प्रेषित पौलाने "अज्ञात देवाला" अर्पण केलेली वेदी पाहिली आणि तिथूनच बोलायला सुरुवात केली (प्रेषितांची कृत्ये १७). त्याने वेदीची टिंगल केली नाही. मात्र तो तिथेच थांबलाही नाही. त्याच भाषणात देव सगळ्यांना पश्चात्तापाची आज्ञा करतो हे त्याने सांगितलं, आणि काही जण हसले.

आपल्या किनाऱ्यावर हे भान असलेले लोक होऊन गेले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोट-हर्णैला आले. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला हर्णैत येऊन राहिले. पुढे त्यांच्याच नावाचं कॉलेज मुंबईत उभं राहिलं. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. तुमची आजी ज्या चालीत रडते त्या चालीत देवाशी बोलता येतं, हे त्यांच्यामुळे आपल्याला मिळालं.

कॅथलिक शेजाऱ्यांबद्दल एक आठवण करून देतो. मालवण-सावंतवाडीच्या पट्ट्यात ते बरेच आहेत, आणि त्यांच्याकडे कुमसार आहे, म्हणजे पाद्रीपुढे पाप कबूल करणं. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून "पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा" हे मार्क १:१५ मधलंच वाक्य ते ऐकतात. त्यांना पश्चात्ताप ठाऊकच नाही अशा थाटात बोलायला जाऊ नका.

तीन थांब्यांची साक्ष

आता सराव. आपली गोष्ट तीन मिनिटांत सांगता यायला हवी. मी मुलांना सांगतो, गाडी तीन थांबे जाईल तेवढ्यात संपवा. पहिल्या थांब्यापर्यंत: मी कशात होतो. दुसऱ्यापर्यंत: येशूबद्दल काय ऐकलं आणि काय कबूल केलं. तिसऱ्यापर्यंत: आता काय वेगळं आहे आणि काय अजून तसंच आहे. शेवटचं गाळू नका. मला अजूनही राग येतो, हे माझी बायको लेख वाचणाऱ्यांना सांगू शकेल.

साक्षीत दोन गोष्टी टाळा. पहिली, पापाचं रसभरीत वर्णन. दारूच्या गुत्त्याची दहा मिनिटं आणि येशूचं अर्धं मिनिट, असं झालं की लोकांच्या लक्षात गुत्ताच राहतो. दुसरी, "येशूवर विश्वास ठेवला आणि मुलाला नोकरी लागली" हा प्रकार. नोकरी लागली असेल, देवाचे आभार माना. पण समोरच्याच्या मुलाला लागली नाही तर त्याने काय समजायचं? आपल्याकडचा निरोप क्षमेचा आहे, त्यात भाकरीचं आमिष मिसळू नये.

मोठ्याने म्हणून बघा. घरात, आरशापुढे नको, माणसापुढे. मंडळीतल्या कोणाला तरी "मी ख्रिस्ती नाही" असं सोंग घ्यायला सांगा आणि त्याला मध्ये मध्ये तोडू द्या.

निर्भयपणा कसा येतो

प्रेषितांची कृत्ये ४:१३ मध्ये पेत्र आणि योहान यांचं धैर्य पाहून वडीलमंडळ चकित होतं, कारण ही शिकलेली माणसं नव्हती. तिथला ग्रीक शब्द पॅरेसिया. त्याचा मूळ अर्थ सगळं बोलणं, काही लपवून न ठेवणं. आवाज चढवण्याशी त्याचा संबंध नाही. स्पीकर लावून बाजारात ओरडणारा माणूस धीट असेलच असं नाही. अनेकदा समोरच्या डोळ्यांत बघावं लागू नये म्हणूनच स्पीकर लागतो. हे मी स्वतःवरून सांगतो.

आणि धैर्य मागावं लागतं. त्याच अध्यायात धमक्या ऐकून आल्यावर मंडळी प्रार्थना करते. संकट टळू दे असं न म्हणता, बोलायचं धैर्य दे असं मागते. पौल तुरुंगात साखळदंडात असताना इफिसकरांना लिहितो की मला तोंड उघडून बोलता यावं म्हणून प्रार्थना करा. पौलाला मागावं लागलं तर आपल्याला लाज कसली? तीन नावं लिहा, तीनच. रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि त्यांच्याशी इतर गोष्टी बोलत राहा. क्रिकेट, काजूचा भाव, मुलीचं लग्न.

कधी आणि कुठे

मे महिन्यात आंबेवाल्याला गाठू नका, तो पेट्या भरतोय. शिमग्यात आणि गणपतीत चाकरमानी घरी आलेले असतात, घर त्यांचं असतं. बोलावलं तर जरूर जा, मोदक खाण्याबद्दल तुमच्या मंडळीचं जे मत असेल ते विनयाने सांभाळा, पण त्या दिवशी पिशवीत पत्रकं नेऊ नका. लावणीच्या दिवसात जायचं तर चिखलात उतरायची तयारी ठेवून.

सगळ्यात चांगला काळ मासेमारीबंदीचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात जायला मनाई असते. होड्या वर ओढलेल्या, बाहेर धो धो पाऊस, आणि छपराखाली माणसं जाळी दुरुस्त करत तासन्‌तास बसलेली. हात कामात, तोंड मोकळं. त्यांना बोलायला कोणीतरी हवंच असतं.

प्रत्यक्ष बोलणं

अशाच एका जुलैत माझ्या ओळखीचा एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, जाळं शिवत होता. वयाने माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो. होडीच्या वाटणीवरून त्याचं आणि धाकट्या भावाचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. घरं एकाच पाणंदीवर. माझ्या चिल्लरची गोष्ट बंदरावर पोचली होती. त्यानेच विषय काढला.

"माफी मागून काय होता? केल्ला भोगूकच लागता."

इथे डबलबारीसारखं, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यासारखं, उत्तर द्यायची फार हौस येते. समोरच्या बुवाने एक टाकला की आपण दोन टाकायचे, आणि टाळ्या. भजनात ठीक आहे. इथे तुम्ही जिंकलात तर माणूस हरतो, आणि हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुम्हाला टाळतो.

मी म्हटलं, "खरां आसा. भोगूकच लागता. माझा येशून भोगल्यान."

तो जाळ्यातली एक गाठ ओढत राहिला. "म्हणजे तुका फुकट?"

"माका फुकट. तेका नाय."

बराच वेळ नुसता पाऊस. मी गप्प राहिलो. पूर्वी असतो तर त्या शांततेत चार वचनं कोंबली असती. मग त्याने सुई थांबवली. "आणि मिया ह्या मानलंय, तर भावाकडे जावक व्हया?"

माझ्या मते संदेश निर्भयपणे सांगण्याची खरी जागा ही. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हणू शकलो असतो, दादा, ते पुढचं पुढे बघू, आधी फक्त विश्वास ठेवा. क्षमा विकायची घाई झाली की आपण पश्चात्ताप काउंटरखाली ठेवतो. मी म्हटलं, "व्हय. जावक व्हया. पण माफी मिळूक म्हणान नाय. मिळाली म्हणान."

त्याने पुन्हा सुई हातात घेतली. त्या दिवशी पुढे बोलणं झालं नाही. आजपर्यंत तो भावाकडे गेलेला नाही, चर्चलाही आलेला नाही. मला चहाला मात्र बोलावतो, आणि कधीतरी त्या वाटणीचा विषय स्वतःच काढतो.

दुसऱ्याची बायको घेतलेल्या दावीद राजाकडे नाथान संदेष्टा गेला तेव्हा त्याने श्रीमंताने हिरावलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली (२ शमुवेल १२). राजाला राग आला आणि त्यानेच निकाल दिला. तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस. गोष्ट आधी, बोट नंतर. उधळ्या मुलाची गोष्ट लूक १५ मध्ये आहे. ती पुस्तकातून वाचून दाखवण्यापेक्षा तोंडी सांगा. मुंबईला गेलेला मुलगा, गावी वाट बघणारा बाप, आणि घरात न येता खळ्यात रुसून उभा राहिलेला थोरला. कोकणात थोरल्याची बाजू घेणारे जास्त भेटतात. त्यांना बोलू द्या.

दोन ठिकाणी जपून

नवऱ्याच्या मारहाणीतून आलेल्या बाईला "क्षमा कर आणि परत जा" असं सांगू नका. सुवार्तेचं नाव घेऊन असं सांगितलेलं मी ऐकलंय. क्षमा करणं म्हणजे तक्रार दाबणं नाही, आणि ज्याने मारलं त्याच्या पश्चात्तापाची वाट तिने त्याच्या घरात बसून बघायची नसते. तिला आधी सुरक्षित जागा हवी. महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२.

दुसरं, आजारी माणूस. प्रार्थना करा, त्याची परवानगी घेऊन. औषध बंद कर असं कधीही म्हणू नका, बरं होशील अशी हमी देऊ नका.

कायदा

संविधानाचं कलम २५ प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं; दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे: जाणूनबुजून, दुष्ट हेतूने कोणाच्या धर्माचा अपमान करून भावना दुखावणं हा गुन्हा. धर्मांतराबाबत राज्यांचे वेगवेगळे कायदे आहेत आणि ते बदलत असतात, म्हणून आजची स्थिती वकिलाकडून समजून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवर विसंबू नका.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. पैसे, धान्य, शाळेची फी, नोकरी यांचा आणि विश्वासाचा संबंध लावायचा नाही. गरजूला मदत करा, पण त्या दिवशी तोंड बंद. आईवडिलांना न सांगता अल्पवयीन मुलांशी हा विषय नाही. "नको" म्हटलं की थांबायचं. कोणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत. कायदा नसता तरी ठेवायची नव्हती, कारण १ पेत्र ३:१५ आपल्या आशेबद्दल उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्यायला सांगतं. जमाव अंगावर आला तर वाद न घालता निघा आणि ११२ ला फोन करा. घटना लगेच कागदावर लिहून ठेवा: वेळ, जागा, काय बोललं गेलं.

कोणी "हो" म्हटलं तर

घाई करू नका. फोटो काढू नका, स्टेटसला टाकू नका. त्याला लूकचं शुभवर्तमान द्या आणि १५, १८, १९ आणि २३ हे अध्याय एकत्र बसून वाचा. अठराव्यात "हे देवा, मज पाप्यावर दया कर" म्हणणारा जकातदार आहे, तेविसाव्यात शेजारच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार, ज्याच्यापाशी भरपाई करायला वेळच उरला नव्हता. एकोणिसाव्यातल्या जक्कयापाशी वेळ होता. दोघांनाही क्षमा मिळाली. हे अध्याय सोबत वाचले की क्षमा विकत मिळत नाही आणि तरी हात रिकामे राहत नाहीत, हे तुम्ही न सांगता कळतं.

लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधणाऱ्याने आधी खर्च मोजावा असं येशू म्हणतो. म्हणून त्याला विचारा, घरी काय सांगणार? आई काय म्हणेल? गावकीत काय होईल? नाव बदलायची गरज नाही, माणसं तोडायची तर मुळीच नाही. कुटुंबाशी त्याने स्वतः, उघडपणे बोलावं. लपवून केलेल्या निर्णयाला पॅरेसिया म्हणता येत नाही.

आणि त्याने स्वतःचा कागद काढला, कोणाचं काय द्यायचं आहे ते लिहिलं, तर त्याच्याबरोबर जा. दारात उभे राहा, बोलायचं त्याला बोलू द्या. पहिल्या दारापर्यंत एकट्याने जाणं किती लांब असतं ते मला माहीत आहे.

माझ्या डायरीतल्या चौदापैकी तेरा नावांवर रेघ मारून झाली. दोघं वारले होते, त्यांच्या मुलांना दिले. एकाने बापाची आठवण काढली म्हणून जेवायला बसवलं, एकाने दारातूनच हाकललं. चौदावा शिरोड्याच्या मिठागरावर कामाला असायचा. त्याने पन्नासची नोट दिली होती आणि मी वीसचा हिशोब केला होता. तो म्हणाला होता, "मास्तर, पन्नास दिले हां," आणि मी सगळ्या गाडीसमोर त्याला खोटं पाडलं होतं. त्याला सांगायचं तर चारचौघांत सांगायला हवं. तो आता आरवलीला लेकीकडे असतो असं कळलंय. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतोय.